एक बोलपट, एक महिना: घरशाळेत जुने चित्रपट आणि आकाशवाणी कशी वापरावी

प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' (१९३६) दोन तासांहून थोडा मोठा आहे. नऊ वर्षांच्या मुलाला तो एका बैठकीत दाखवला, तर पंचवीस मिनिटांत पाय हलायला लागतात आणि पाऊण तासात मूल उठून जातं. तोच बोलपट दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत, आठवड्यातून तीन दिवस दाखवला, तर महिनाभराहून जास्त पुरतो. मूल स्वतःहून "आज तुकाराम आहे ना?" असं विचारतं. घरशाळेत जुना चित्रपट वापरायची सगळी युक्ती या तुकड्यांत आहे. चित्रपट हे बक्षीस नाही आणि दुपारी मुलांना गुंतवून ठेवायचं साधनही नाही. पाठ्यपुस्तकातला धडा जसा आपण दोनदा-तीनदा वाचतो, तसाच तो परत परत पाहायचा असतो.

वयाप्रमाणे तुकड्याचा साधारण हिशेब असा: सहा ते आठ वर्षांसाठी पाच-सात मिनिटं, नऊ ते बारासाठी दहा-बारा, तेराच्या पुढे वीस. तुकडा प्रसंग संपतो तिथे तोडावा, घड्याळ बघून नाही. पहिल्यांदा मधे एक शब्दही न बोलता पाहू द्या. दुसऱ्यांदा थांबत थांबत पाहा. या क्रमात घाई करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. पहिल्याच वेळी "हे बघ, तो दिवा बघ" सुरू झालं की मूल गोष्टीतून बाहेर येतं आणि पुन्हा आत शिरत नाही.

आधी तुम्ही पाहा, वही घेऊन

मुलांना दाखवण्याआधी अख्खा चित्रपट एकदा स्वतः पाहावाच लागतो. वहीत तीन रकाने आखा: वेळ, प्रसंग, काय काम करून घ्यायचं. '०:३४:१०' असं टिपून ठेवलं की ऐनवेळी शोधाशोध होत नाही. मुलांसमोर पुढे-मागे करत बसलात तर त्यांचं लक्ष गेलंच समजा.

याच पाहण्यात अवघड जागा कळतात. 'कुंकू' (१९३७) हा व्ही. शांतारामांचा बोलपट जरठ-बाला विवाहाबद्दल, म्हणजे म्हाताऱ्याने कोवळ्या मुलीशी केलेल्या लग्नाबद्दल आहे आणि शेवटी नवरा आत्महत्या करतो. तो तेरा-चौदाच्या आधी नको, आणि नंतरही शेवट आधी सांगून मगच दाखवावा. जुन्या चित्रपटांत जातीवरून टोमणे, बायकोवर हात उगारणं, व्यंगावरून हशा असे प्रसंग येतात. ते गुपचूप पुढे ढकलू नका, मुलांना ते कळतं. "पुढच्या प्रसंगात एक माणूस असं बोलतो, त्या काळी लोक हे खपवून घेत होते, पाहून झाल्यावर आपण बोलू" एवढं आधी सांगितलं की पुरतं.

चित्र आणि आवाज नीट लावणं

जुना चित्रपट कंटाळवाणा वाटतो त्याचं निम्मं कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतं. त्या काळचं चित्र जवळजवळ चौकोनी, ४:३ मापाचं. आजचा टीव्ही ते ओढून रुंद करतो, मग सगळे बुटके आणि जाडे दिसतात. तपासायला सोपी रीत: पडद्यावर ताट, चाक किंवा चंद्र आला की चित्र थांबवा आणि मुलाला पट्टीने त्याची रुंदी आणि उंची मोजायला सांगा. दोन्ही सारखी हवीत. नसतील तर टीव्हीच्या 'पिक्चर साइझ'मध्ये ४:३ किंवा 'ओरिजिनल' निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले म्हणजे बरोबर. हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय टीव्हीत असते ती बंद करा.

आवाजाचं थोडं वेगळं आहे. तीस-चाळीसच्या दशकांतला ध्वनी फिल्मच्या कडेलाच पट्ट्यासारखा उमटवलेला असे. त्यात वरच्या पट्टीतले बारीक आवाज फारसे उतरत नसत आणि खरखर, गुणगुण मात्र भरपूर उतरे. टीव्हीचा 'बास' वाढवला की ती गुणगुणच वाढते. म्हणून बास कमी करा, 'सराउंड' बंद करा आणि 'स्पीच' किंवा 'न्यूज' मोड लावा. शब्द लगेच सुटे होतात. हे करूनही समजत नसेल, तर त्या तुकड्यातले पाच-सहा संवाद आधी तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. कान एकदा तयार झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मदत लागत नाही.

मूकपटापासून सुरुवात

लहान मुलांना बोलपटाआधी मूकपट द्या. भाषा जुनी असण्याची अडचणच नसते. दादासाहेब फाळके यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) यासाठी फार चांगला. कृष्णाचं काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केलंय, आणि चित्रपटाच्या सुरुवातीलाच ती नुसत्या चेहऱ्याने वेगवेगळे भाव करून दाखवते. तेवढाच तुकडा दाखवा आणि प्रत्येक भावासाठी मुलांकडून मराठी शब्द काढून घ्या. 'राग' आणि 'रुसवा' यांत फरक काय? 'आश्चर्य' की 'अचंबा'? मग आरशासमोर तेच भाव करायचे, आणि भावंडाने ओळखायचे.

मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात, यावर मुलं पहिल्यांदा हसतात. ते हसणं गणिताकडे वळवा. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा ते अठरा चित्रं. पुढे बोलपटाबरोबर सेकंदाला चोवीस चित्रांचा वेग ठरला, आणि जुनी फिल्म त्या वेगाने चालवली की हालचाल पळते. यूट्यूबवर वेग ०.७५ करा. २४ ची पाऊणपट १८, आणि माणसं माणसांसारखी चालायला लागतात. एखादी प्रत आधीच दुरुस्त केलेली असते, तिच्यात ०.७५ वर सगळे पेंगल्यासारखे दिसतात. तसं झालं तर मूळ वेग ठेवा. वेग बदलल्यावर मागाहून जोडलेलं संगीतही रेंगाळतं, म्हणून आवाज पूर्ण बंद करा आणि पेटी, तबला किंवा नुसता डबा घेऊन मुलांनाच साथ करू द्या. तेव्हाही मूकपटांना थिएटरात समोर बसून साथ करत.

मोठ्या मुलांसाठी हा हिशेब: ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं मावतात. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) ३,७०० फुटांचा होता. सेकंदाला १६ चित्रं धरली तर एक फूट म्हणजे एक सेकंद, म्हणून ३,७०० सेकंद, म्हणजे एक तास आणि पावणेदोन मिनिटांच्या आत-बाहेर. सेकंदाला २४ धरली तर तोच चित्रपट साधारण ४१ मिनिटांत संपतो. एकाच चित्रपटाची लांबी दोन ठिकाणी वेगवेगळी का लिहिलेली असू शकते, हे यातून मुलाला आपोआप कळतं.

अंकुराची वाढ: चार दिवसांचा प्रयोग

'राजा हरिश्चंद्र'च्या आधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, त्याच्यासमोर कॅमेरा ठेवून महिनाभर थोडी थोडी चित्रं घेतली आणि 'अंकुराची वाढ' हा मिनिटभराचा लघुपट केला. भांडवल देणाऱ्याला कॅमेऱ्याची करामत पटवायची होती. एक मिनिट गुणिले सेकंदाला १६ म्हणजे ९६० चित्रं. तीस दिवस धरले तर दिवसाला ३२. हा आकडा मुलांनी काढल्यावर मग हाच प्रयोग मुगावर करायचा.

दहा-बारा मूग आठ तास भिजवा. काचेच्या सरळ कडेच्या पेल्यात ओला करून घट्ट पिळलेला कापूस भरा आणि मूग कापूस व काच यांच्यामध्ये बाहेरून दिसतील असे सरकवा. जुना फोन पुस्तकांच्या थप्पीवर चिकटपट्टीने पक्का करा, पेल्यापासून एक वीत अंतरावर, चार्जर लावूनच. फोनमध्ये ठरावीक वेळाने फोटो काढणारं ॲप घेऊन दर पंधरा मिनिटांना एक फोटो लावा. तासाला ४, चार दिवसांत ३८४. सेकंदाला १२ ने चालवले की ३२ सेकंदांचा लघुपट तयार.

यात बिघडतं ते ठरलेलंच. खिडकीचा उजेड वापरला तर दिवस-रात्रीमुळे चित्र लुकलुकत राहतं, म्हणून पडदा ओढा आणि एलईडीचा टेबललॅम्प चारही दिवस चालू ठेवा. जुना पिवळा बल्ब नको, त्याच्या उष्णतेने कापूस वाळतो. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड 'लॉक' करा, नाहीतर दर फोटोत रंग बदलतो. पेल्याच्या तळाशी पाणी साचलं तर मूग कुजून वास येतो. कापूस ओलसर हवा, निथळता नको. पाणी ड्रॉपरने घाला, तांब्याने घातलं तर मूग जागचे हलतात आणि लघुपटात ते उडी मारल्यासारखे दिसतात. आणि रोजचा वापरातला फोन या कामाला लावू नका. कुणाचा तरी फोन येतोच.

तुकारामांची गाथा आणि तुकारामांचा बोलपट

'संत तुकाराम' पाहताना एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसवायला हवी. तुकारामांचं निर्वाण १६५० चं, बोलपट १९३६ चा. मधे २८६ वर्षं गेली. पडद्यावरचं देहू पुण्यात प्रभातच्या आवारात उभारलेलं आहे. म्हणून हा बोलपट सतराव्या शतकाचा पुरावा नाही, १९३६ साली मराठी माणूस तुकारामांकडे कसं पाहत होता याचा पुरावा आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना हे नीट कळतं, फक्त उदाहरण समोर हवं.

ते उदाहरण बोलपटातच आहे. कथेतला सालोमालो तुकारामांचे अभंग आपलेच म्हणून सांगतो. आणि याच बोलपटातलं 'आधी बीज एकले' हे गीत शांताराम आठवले यांनी बोलपटासाठी लिहिलं. ते इतकं तुकारामांच्या वळणाचं उतरलं की पुष्कळांनी ते तुकारामांचाच अभंग मानलं. मुलांना हे आधी सांगू नका. गाणं ऐकवा, वहीत उतरवून घ्या, गाथा हातात द्या आणि "शोध" म्हणा. गाथेच्या शेवटी अभंगांच्या पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची असते. तिच्यात 'आ' खाली बोट फिरवत जायचं. सापडत नाही म्हटल्यावर मूल आधी स्वतःवर शंका घेतं, मग दुसरी आवृत्ती मागतं. तिथे बसून तुलना करा: बोलपटात म्हटलेला, गाथेत सापडणारा एखादा अभंग एका बाजूला, हे गीत दुसऱ्या बाजूला. कोणते शब्द नवे वाटतात? शेवटी 'तुका म्हणे' आहे का? व्हॉट्सॲपवर कुणाच्याही नावावर काहीही फिरतं, त्या काळात हा एक तास फार मोलाचा आहे.

शेवटी गरुडाच्या विमानाचा प्रसंग येतो. तो कसा चित्रित केला असेल, याचं चित्र मुलांना काढायला सांगा. बरोबर-चूक ठरवू नका.

'शेजारी' (१९४१) नागरिकशास्त्रासाठी घ्या. दोन शेजाऱ्यांची, एका हिंदूची आणि एका मुसलमानाची मैत्री, आणि धरणाच्या कामावरून गावात पडलेली फूट. हिंदी आवृत्तीत तर मुसलमान नटाने हिंदू आणि हिंदू नटाने मुसलमान शेजाऱ्याचं काम केलं. असं का केलं असेल, हा प्रश्न तासभर पुरतो. 'कुंकू' मोठ्या मुलांना दाखवाल तेव्हा कानाचं काम द्या. त्यात पार्श्वसंगीत नाही, आहेत ते प्रसंगातले खरे आवाज. दहा मिनिटांत ऐकू येणारे सगळे आवाज उतरवून घ्यायचे, मग आजच्या एखाद्या मालिकेतली दहा मिनिटं घेऊन तीच यादी करायची. दोन्ही याद्या भिंतीवर शेजारी-शेजारी लावा.

ऐकण्याची सवय: गीतरामायणाचं वर्ष

नुसतं ऐकणं मुलांना पाहण्यापेक्षा जड जातं. हात रिकामे असतील तर अजूनच. मटार सोलणं, मेथी निवडणं, चित्र रंगवणं असं काहीतरी हाताला द्या. वाचायचं किंवा लिहायचं काम मात्र नको, ते शब्दांशी झगडतं.

सुरुवातीला गीतरामायणासारखी उत्तम मालिका नाही. पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, ती सुरू केली. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवं गीत आणि तेच पुन्हा शनिवारी-रविवारी. घरीही तसंच करा: आठवड्याला एकच गीत, तीन दिवस तेच, पुढचं पुढच्या शुक्रवारी. सगळी गीतं एका बोटावर असताना वाट पाहणं मुलांना अवघड जातं, पण वर्षभर पुरण्याचं आणि तोंडपाठ होण्याचं कारण तीच वाट आहे. एकूण गीतं ५६. वर्षाचे आठवडे ५२, मग चार जादा का? उत्तर पंचांगात आहे: त्या वर्षी अधिक मास होता. इंग्रजी कॅलेंडर आणि शकाचा मेळ शिकवायला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही.

पहिलं गीत भूप रागाच्या अंगाने जातं. घरात पेटी किंवा कीबोर्ड असेल तर काळी तीनला (तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातल्या पहिल्या पट्टीला) सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. पाचही स्वर भूपाचे. ध्रुवपद त्या पट्ट्यांवर बसवून पाहायला मुलांना सांगा. पट्ट्या चुकल्या तरी स्वर भूपाबाहेर जात नाही, त्यामुळे संगीत न शिकलेली मुलंही धीराने वाजवतात. मूळ प्रसारणात वेगवेगळे गायक-गायिका होते, नंतरच्या ध्वनिमुद्रणात सगळी गीतं बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, एकट्याने गायली. मूळ आवाजातलं एखादं गीत मिळालं तर दोन्ही ऐकवा.

आजी-आजोबांचा जुना रेडिओ माळ्यावर असेल तर खाली काढा. डायलवर मीटर आणि किलोहर्ट्झ असे दोन आकडे असतात. ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागलं की मीटर मिळतात. मुंबईचं अस्मिता केंद्र ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे साधारण ५३८ मीटर. पुणे ७९२, म्हणजे ३७९ मीटर. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी मुंबईतून जे गुप्त काँग्रेस रेडिओ चालवलं, ते ४२.३४ मीटरवर. त्याची वारंवारिता मुलांनी काढावी, ७.०९ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. मध्यम लहरींवर घूंघूं आवाज आला तर आधी एलईडी दिवे आणि फोनचे चार्जर बंद करा, मग रेडिओ जागच्या जागी फिरवा. आतली अँटेना एका दिशेने जास्त पकडते, पाव वळणात आवाज पडतो किंवा उठतो.

स्वतःची श्रुतिका

दोन-तीन महिने ऐकल्यावर पाच मिनिटांची श्रुतिका, म्हणजे नुसतं ऐकायचं नाटक, करायला घ्या. चिऊ-काऊची गोष्ट यासाठी जणू बेतलेली आहे: पाऊस, शेणाचं घर वाहून जाणं, दारावर थाप, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते". मराठी संवाद मिनिटाला ११० शब्दांच्या वेगाने सहज बोलता येतात. आवाज आणि थांबे धरून पाच मिनिटांना ४५० शब्द पुष्कळ झाले.

पहिल्या खर्ड्यात मुलं सगळं निवेदकाच्या तोंडी घालतात. नियम करा: निवेदकाला तीनच वाक्यं. मग कावळा भिजलाय हे कळणार कसं? "मी भिजलोय" असं म्हणून नाही, दात वाजवत, तुटक बोलून. इथे मुलांना संवादलेखन खरं कळतं.

पावसासाठी सुपात मसूर हलकेच घोळवा, स्टीलच्या ताटात घेतलात तर तो पत्र्यावरचा पाऊस होतो. न्हाणं म्हणजे तांब्याने बादलीत पाणी. घोडा कुठे लागला तर नारळाच्या दोन करवंट्या, आगीला बिस्किटाच्या पुड्याचा चुरचुरीत कागद. ध्वनिमुद्रण कपड्यांचं कपाट उघडून त्याच्या तोंडाशी करा, कपडे घुमणं शोषून घेतात. फोन तोंडापासून वीतभर, पण समोर नाही, जरा बाजूला, नाहीतर 'प' आणि 'फ' फटकन फुटतात. पंखा बंद, फोन विमान मोडवर, कुकर आधी उतरवलेला. संवाद आणि आवाज वेगवेगळे मुद्रित करा आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडा. पाऊस संवादाखाली अगदी हळू ठेवा. मुलांना पाऊस मोठा आवडतो आणि त्यात चिमणी वाहून जाते.

हक्क आणि नोंदी

भारतात चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. गीताचे शब्द आणि चाल यांचा मात्र कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. घरात पाहण्या-ऐकण्याला अडचण नाही. मुलांच्या लघुपटाला जुनं गाणं जोडून तो जाहीर टाकू नका, घरची पेटी वाजवा.

प्रत्येक तुकड्यामागे वहीत तारीख, चित्रपट आणि वेळ, पाच नवे शब्द, एक प्रश्न आणि हाताने केलेलं काम एवढंच लिहा. मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी त्या अभ्यासक्रमाची पुस्तकं वेगळी करावीच लागतात, ही वही त्याला पर्याय नाही. आठवड्याला तीन तुकडे, शुक्रवारी गीत, आणि शनिवारी त्याच आठवड्यातला एक तुकडा आजी-आजोबांबरोबर पुन्हा. बंब, कंदील, जातं, फडताळ पडद्यावर आलं की चित्र थांबवा आणि रिमोट आजीच्या हातात द्या.